डिफ्रॅगमेंटेशन म्हणजे काय? तुमच्या कम्प्युटरला त्याची आजही गरज आहे का?

विंडोज ९८ च्या काळात ज्यांनी कम्प्युटर वापरला आहे, त्यांना स्क्रीनवर सरकत जाणारे ते रंगीत चौकोन नक्की आठवत असतील. रात्री झोपताना डिफ्रॅग लावून ठेवायचं आणि सकाळी उठून बघावं तर काम अजून सुरूच. मधेच एखाद्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. म्हणून जाणकार मंडळी आधी सेफ मोडमध्ये जायची आणि मगच डिफ्रॅगला हात घालायची.

ते चौकोन कधीच गेले, पण तेव्हाचा सल्ला मात्र अजून टिकून आहे. कम्प्युटर स्लो झाला की ओळखीतलं कोणीतरी सांगतंच, "एकदा डिफ्रॅग मारून घे, पळायला लागेल." दुरुस्तीच्या दुकानातही सर्व्हिसिंगच्या यादीत हे काम असतं. 'एका क्लिकमध्ये कम्प्युटर फास्ट' असं सांगणारी सॉफ्टवेअरही याच नावावर खपतात.

हा सल्ला काही कम्प्युटरसाठी आजही बरोबर आहे, काहींसाठी निरुपयोगी आहे आणि काही वेळा तो तुमच्या फाइल्स कायमच्या घालवू शकतो. तुमचा कम्प्युटर यातल्या कुठल्या गटात बसतो हे ठरतं आत कोणती डिस्क आहे आणि ती कोणत्या अवस्थेत आहे यावर. हे समजून घ्यायचं तर आधी डिस्कवर फाइल साठवली कशी जाते ते बघावं लागेल.

हार्ड डिस्कच्या आत काय चालतं?

हार्ड डिस्क हे मुळात एक फिरतं यंत्र आहे. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या सगळ्यात मिळून मावायची ५० लाख अक्षरं. आजची हार्ड डिस्क तळहातावर मावते, पण आतली रचना तीच आहे. तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडा आत-बाहेर सरकतो. त्या दांड्याच्या टोकाला माहिती वाचणारं आणि लिहिणारं हेड असतं.

डेस्कटॉपमधली डिस्क साधारणपणे मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारते, जुन्या लॅपटॉपमधली बहुतेक वेळा ५,४००.

या तबकड्यांवरची जागा छोट्या-छोट्या कप्प्यांत विभागलेली असते. या कप्प्याला 'क्लस्टर' म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये एक क्लस्टर सहसा ४ केबीचा असतो. म्हणजे १०० एमबीची एक फाइल साठवायला २५,६०० क्लस्टर लागतात. हे सगळे क्लस्टर एकाला लागून एक असतील, तर हेड एकदा तिथे पोहोचतं आणि तबकडी फिरेल तसं सलग वाचत जातं. पण दरवेळी अशी सलग जागा मिळेलच असं नाही.

फाइलचे तुकडे का पडतात?

समजा, बाजाराच्या दिवशी एसटीत पाच जणांचं कुटुंब चढलं. गाडीत मोकळ्या जागा दहा आहेत, पण सगळ्या एकेक अशा विखुरलेल्या. मग आजोबा पुढे, आई मधे, मुलं मागच्या बाकावर, असं जिथे जागा मिळेल तिथे बसावं लागतं. जागा सगळ्यांना मिळाली, पण कंडक्टरला या एका कुटुंबाची पाच तिकिटं फाडायला गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं.

डिस्कवरही तेच होतं. नवीन डिस्क म्हणजे डेपोतून निघालेली रिकामी गाडी. सुरुवातीला सगळ्या फाइल्स सलग बसतात. मग तुम्ही काही फाइल्स डिलीट करता आणि मधे-मधे मोकळ्या जागा तयार होतात. त्यानंतर एखादी मोठी फाइल आली आणि तिला पुरेल एवढी सलग जागा नसली, की ती तुकड्या-तुकड्यांत साठवली जाते. यालाच 'फ्रॅगमेंटेशन' म्हणतात.

दुसरं कारण म्हणजे वाढत जाणाऱ्या फाइल्स. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ईमेलची साठवण, रोज भर पडणारी एक्सेल शीट अशा फाइल्स आज जेवढ्या असतात तेवढ्या उद्या नसतात. वाढलेला भाग ठेवायला शेजारी जागा उरलेली नसते, म्हणून तो लांब कुठेतरी जातो. डिस्क जितकी भरलेली, तितकं हे प्रमाण जास्त.

यात फाइल खराब होत नाही, हे लक्षात घ्या. कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद फाइल सिस्टिमकडे असते. तुम्ही फाइल उघडली की ती पूर्णच उघडते. फक्त हेडला जास्त पळापळ करावी लागते.

या पळापळीत किती वेळ जातो?

मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी दांड्याला योग्य जागी सरकायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. दोन्ही मिळून एका उडीचे झाले १३ मिलिसेकंद.

आता १०० एमबीची फाइल घ्या. डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असं धरलं, तर सलग ठेवलेली फाइल एका सेकंदात वाचून होते. तीच फाइल १० तुकड्यांत असेल तर जास्तीचे लागतात ०.१३ सेकंद. तुम्हाला कळणारही नाही. पण तिचे १,००० तुकडे असतील तर १३ सेकंद वाढतात. एका सेकंदाचं काम १४ सेकंदांवर गेलं!

हा सरासरीचा हिशोब आहे. तुकडे जवळजवळ असतील तर वेळ कमी लागेल. पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. थोडेफार तुकडे असणं ही अडचण नाही, बारीक-बारीक तुकड्यांचा ढीग ही अडचण आहे. म्हणूनच विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे एकत्र आणायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं. एवढा मोठा तुकडा वाचायलाच अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यापुढे एका उडीचे १३ मिलिसेकंद किरकोळ आहेत.

डिफ्रॅगमेंटेशन नेमकं काय करतं?

विखुरलेल्या फाइल्सचे तुकडे उचलून सलग जागेत ठेवायचे आणि मोकळी जागाही शक्यतो एकत्र आणायची, एवढंच हे काम आहे. कंडक्टरने "तुम्ही जरा पुढे या, तुम्ही मागे सरका" असं करत एकेका कुटुंबाला एकत्र बसवण्यासारखं.

आता गाडी गच्च भरलेली असेल तर कोणाला कुठे हलवणार? सरकवायला थोडी मोकळी जागा लागतेच. विंडोज एक्सपीच्या डिफ्रॅगला नीट काम करायला किमान १५ टक्के जागा रिकामी लागायची. आजही काठोकाठ भरलेल्या डिस्कवर डिफ्रॅगचा फारसा उपयोग होत नाही. आधी जागा करावी लागते.

पार्टिशनचा यात काय संबंध?

'माय कम्प्युटर' उघडलं की सी, डी, ई असे ड्राइव्ह दिसतात. पुष्कळदा ही एकाच डिस्कची केलेली वाटणी असते. या प्रत्येक वाट्याला पार्टिशन म्हणतात आणि प्रत्येकाची फाइल सिस्टिम स्वतंत्र असते. त्यामुळे एका फाइलचा अर्धा भाग सी मध्ये आणि अर्धा डी मध्ये, असं कधी होत नाही. डिफ्रॅगही एकेका पार्टिशनपुरतं चालतं. सी डिफ्रॅग केल्याने डी मधल्या फाइल्सना काही फरक पडत नाही, आणि सी भरला म्हणून डिफ्रॅग तिथल्या फाइल्स डी मध्ये टाकत नाही.

पार्टिशन करताना आणखी एक गोष्ट कामाला येते. फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त माहिती वाचली जाते, मध्याजवळ कमी. डिस्कवरचं पहिलं पार्टिशन सहसा बाहेरच्या कडेला असतं, म्हणून हार्ड डिस्कवर विंडोज पहिल्या पार्टिशनमध्ये असणं फायद्याचं. मात्र एकाच डिस्कवरच्या सी आणि डी मध्ये एकाच वेळी काम चालू असेल, तर हेडला दोन्हीकडे हेलपाटे घालावे लागतात. डी मधला मोठा सिनेमा सी मध्ये कॉपी करताना कम्प्युटर रखडतो तो यामुळे. हा त्रास डिफ्रॅगने जात नाही.

हाताने करायचं काम आपोआप कधी व्हायला लागलं?

१९९३ मध्ये आलेल्या एमएस-डॉस ६ मध्ये डिफ्रॅगची सोय मिळाली. ती मायक्रोसॉफ्टने सिमँटेक कंपनीकडून परवान्यावर घेतली होती. त्याआधी लोक नॉर्टन युटिलिटीजसारखं सॉफ्टवेअर वेगळं विकत घेत. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ते विंडोजचाच भाग झालं. विंडोज एक्सपीमध्ये लाल रंग म्हणजे तुकडे झालेल्या फाइल्स, निळा म्हणजे सलग, हिरवा म्हणजे हलवता न येणाऱ्या आणि पांढरा म्हणजे मोकळी जागा, असा नकाशा दिसायचा. पण बटण वापरणाऱ्यालाच दाबावं लागायचं.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा लोकांच्या हातात आली आणि हे बदललं. आठवड्यातून एकदा, बुधवारी पहाटे १ वाजता, डिफ्रॅग आपोआप चालेल अशी वेळ ठरवून दिली गेली. रंगीत नकाशाही तेव्हाच गेला. २०१२ च्या विंडोज ८ पासून या सोयीचं नाव 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' झालं. विंडोज १० आणि ११ मध्येही हे काम आठवड्याला आपोआप होतं. कम्प्युटर सुरू आहे पण कोणी वापरत नाही, अशी वेळ बघून विंडोज ते उरकतं.

म्हणजे नेहमीच्या वापरात तुम्हाला काही करायची गरजच नाही. अपवाद एकच. काम झालं की लगेच बटण बंद, अशी सवय असलेल्या कम्प्युटरला ही निवांत वेळ मिळतच नाही. ऑफिस सुटताना मेन स्विच बंद होतो किंवा लॅपटॉप कायम बॅटरीवर चालतो, तिथे महिनोन् महिने हे काम राहून जाऊ शकतं. अशा ठिकाणी हार्ड डिस्क असेल तर एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

एसएसडी आली आणि गणितच बदललं

गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नसते, एसएसडी असते. तिच्यात तबकडी नाही, दांडा नाही, हेड नाही. माहिती चिपमध्ये साठवलेली असते. कुठल्याही भागापर्यंत पोहोचायला जवळपास सारखाच वेळ लागतो आणि तो साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असतो. जिथे कंडक्टरला चालावंच लागत नाही, तिथे कुटुंब एकत्र बसलंय की विखुरलंय याने फारसा फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. एसएसडीचा स्वतःचा कंट्रोलर असतो. विंडोजला वाटतं की अमुक फाइल अमुक कप्प्यात आहे, पण ती खरोखर कोणत्या चिपमध्ये कुठे ठेवायची हे कंट्रोलर ठरवतो. सगळे भाग सारखे झिजावेत म्हणून तो माहिती मुद्दाम फिरवत राहतो. त्यामुळे वरून डिफ्रॅग करून फाइल सलग केली, तरी ती आत सलग असेलच असं नाही.

झिजण्याचं कारण असं, की चिपमधला प्रत्येक भाग ठराविक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. डिफ्रॅग म्हणजे उचलून दुसरीकडे लिहिणं, म्हणजे हकनाक झीज.

पण "एकदा डिफ्रॅग केलं की एसएसडी मेली" हेही खरं नाही. ५०० जीबीच्या आसपासच्या अनेक एसएसडींवर कंपन्या १२० ते ३०० टीबीपर्यंत लिहिण्याची हमी देतात. दर आठवड्याला ५० जीबी इकडचं तिकडे झालं, तरी वर्षाचे २.६ टीबी होतात. डिस्क त्याने लगेच जाणार नाही, पण पदरातही काही पडणार नाही.

एसएसडीला लागते ती वेगळी गोष्ट, 'ट्रिम'. तुम्ही फाइल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवतं, "या जागेतली माहिती आता नको आहे." मग कंट्रोलर ती जागा सवडीने पुसून तयार ठेवतो आणि पुढचं लिखाण वेगाने होतं. विंडोज ८ पासून 'ऑप्टिमाइझ' हे बटण डिस्क ओळखून काम करतं. हार्ड डिस्क असेल तर डिफ्रॅग, एसएसडी असेल तर ट्रिम. सिस्टम रिस्टोअर चालू असेल, तर काही वेळा विंडोज स्वतःहून एसएसडीवरही थोडं डिफ्रॅग करतं. ते बंद करायच्या मागे लागू नका. विंडोजच्या स्वतःच्या बटणाची भीती नाही. जपायचं ते समोर कोणतीही डिस्क असली तरी सरसकट डिफ्रॅग करणाऱ्या जुन्या किंवा फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरपासून.

तुमच्याकडे कोणती डिस्क आहे, हे कसं बघायचं?

विंडोज १० किंवा ११ असेल तर असं करा:

१. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल.

२. त्यात डी, एफ, आर, जी, यू, आय ही सहा इंग्रजी अक्षरं मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा.

३. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' ही खिडकी उघडेल. तिथे प्रत्येक ड्राइव्हसमोर 'मीडिया टाइप' या रकान्यात हार्ड डिस्क ड्राइव्ह किंवा सॉलिड स्टेट ड्राइव्ह असं लिहिलेलं असेल.

प्रत्येक ओळ वेगळी बघा. अनेक लॅपटॉपमध्ये सी एसएसडीवर आणि डी हार्ड डिस्कवर असतो.

हार्ड डिस्क आहे, मग डिफ्रॅग कसं करायचं?

याच खिडकीत ड्राइव्ह निवडा आणि आधी 'अ‍ॅनलाइझ' दाबा. किती टक्के फ्रॅगमेंटेशन आहे ते 'करंट स्टेटस'मध्ये दिसेल. साधारण १० टक्क्यांच्या वर असेल तर डिफ्रॅग करावं, असं विंडोज ७ च्या मदतीच्या पानावर सांगितलेलं असायचं. आजही तोच अंदाज धरायला हरकत नाही. आकडा त्याहून कमी असेल तर खिडकी बंद करा आणि आपल्या कामाला लागा.

करायचं ठरलं तर हा क्रम ठेवा:

१. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या.

२. नको असलेल्या फाइल्स काढा, रीसायकल बिन रिकामा करा. हे डिफ्रॅगच्या आधी करायचं, नंतर नाही. नंतर केलंत तर पुन्हा भोकं पडतील.

३. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. लाइट जात असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. एनटीएफएसमध्ये एखादी फाइल हलवताना मधेच लाइट गेली तरी ती वाचण्याची सोय असते. जुन्या फॅट फाइल सिस्टिममध्ये हा धोका मोठा होता. पण धडधाकट डिस्कलाही अचानक वीज जाणं चांगलं नाही.

४. 'ऑप्टिमाइझ' दाबा आणि ते चालू असताना मोठी कामं करू नका. मोठ्या डिस्कला काही तासही लागू शकतात.

५. शेवटी 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन आठवड्याचं वेळापत्रक चालू आहे ना, ते बघा.

कधी अजिबात करू नये?

*डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर.* फाइल उघडताना कम्प्युटर मिनिटभर अडकतो, कॉपी करताना एरर येते, डिस्क मधेच गायब होते, ही डिस्क मरायला टेकल्याची लक्षणं आहेत. डिफ्रॅगमध्ये डिस्कला तासन् तास वाचायला आणि लिहायला लावलं जातं. आजारी डिस्कला तेवढी मेहनत झेपत नाही आणि उरलेसुरले श्वास त्यातच संपतात. मग आतले फोटो, हिशोब, कागदपत्रं परत मिळवायची तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावं लागतं, त्याचा खर्च नव्या डिस्कपेक्षा कितीतरी जास्त होऊ शकतो आणि सगळं मिळेलच याची खात्री नसते. अशा वेळी आधी सर्वात महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा. बाकी सगळं नंतर. 'स्मार्ट' नावाचा डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो बघता येतो. तिथे धोक्याचा इशारा दिसत असेल तर डिफ्रॅगचा विषयच सोडा.

*चुकून फाइल डिलीट झाली असेल आणि ती परत हवी असेल तर.* हार्ड डिस्कवरून फाइल डिलीट केली तरी तिची माहिती लगेच पुसली जात नाही. ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. रिकव्हरी सॉफ्टवेअर याचाच फायदा घेतं. पण डिफ्रॅग चाललं की त्या मोकळ्या जागेवर दुसऱ्या फाइल्स येऊन बसतात आणि परत मिळण्याची आशा संपते. म्हणून हरवलेली फाइल शोधायची असेल तर कम्प्युटर वापरणं थांबवा आणि आपोआप चालणारं डिफ्रॅगही बंद ठेवा.

*पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर.* यांच्यातही फिरणारं काही नाही. फायदा शून्य.

पार्टिशन लहान करताना डिफ्रॅग उपयोगी पडतं?

कधी कधी. सी मोठा आहे, त्यातून जागा काढून नवीन पार्टिशन करायचं आहे, अशा वेळी 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' हा पर्याय असतो. पण २०० जीबी मोकळी असूनही विंडोज २० जीबीच काढू देतं, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचं कारण पार्टिशनच्या मधल्या किंवा शेवटच्या भागात बसलेल्या, न हलणाऱ्या फाइल्स. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट्स या त्यातल्या मुख्य. डिफ्रॅग साध्या फाइल्स हलवतं, या नाही. म्हणून बॅकअप घेऊन हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टम रिस्टोअर तात्पुरतं बंद करायचं, कम्प्युटर रिस्टार्ट करून पार्टिशन लहान करायचं आणि मग तिन्ही पुन्हा चालू करायचं, हा मार्ग वापरला जातो.

नेहमीचे तीन गैरसमज

*डिफ्रॅगने डिस्कवर जागा होते.* नाही. फाइल्स तेवढ्याच राहतात, फक्त जागा बदलतात. जागा करायची तर सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन तात्पुरत्या फाइल्स काढा.

*डिफ्रॅगने व्हायरस जातो किंवा खराब फाइल दुरुस्त होते.* नाही. ती वेगळी कामं आहेत.

*मोबाइलही डिफ्रॅग करावा.* नाही. मोबाइलमध्ये चिपच असते. अँड्रॉइड २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून स्वतःच ट्रिम करतं. डिफ्रॅगच्या नावाचं अ‍ॅप टाकून फक्त जागा आणि बॅटरी जाते.

मॅक आणि लिनक्सवाल्यांना हा शब्द फारसा ऐकू येत नाही, त्यालाही कारण आहे. २००३ च्या पँथर आवृत्तीपासून मॅक २० एमबीपेक्षा छोट्या, जास्त तुकडे झालेल्या फाइल्स उघडतानाच परस्पर सलग करू लागला. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम लिहिण्याआधी थोडं थांबून, फाइल किती मोठी आहे याचा अंदाज घेऊन सलग जागा शोधते. त्यामुळे तुकडे मुळातच कमी पडतात.

मग कम्प्युटर स्लो का आहे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातला 'मेमरी'चा रकाना सतत ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम कमी पडतेय. आजच्या ब्राउझरला ४ जीबी रॅममध्ये धाप लागते. 'स्टार्टअप'च्या यादीत दहा-पंधरा प्रोग्राम चालू असतील तर कम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागणारच, नको असलेले बंद करा. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल तर आधी तो रिकामा करा.

आणि 'डिस्क'चा रकाना काही न करताही १०० टक्क्यांवर अडकलेला असेल, आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर डिफ्रॅगने थोडा आराम पडेल, पण मूळ दुखणं तसंच राहील. आजची विंडोज एकाच वेळी शेकडो छोट्या फाइल्स मागते. प्रत्येक उडीला १३ मिलिसेकंद लागणारी डिस्क सेकंदाला ७५ च्या आसपासच उड्या मारू शकते. प्रत्येक फाइल सलग असली तरी एका फाइलवरून दुसरीकडे जायला उडी मारावीच लागते. इथे खरा फरक पडतो तो विंडोज एसएसडीवर नेल्याने. बऱ्याच जुन्या कम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी साधी साटा एसएसडी बसते आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर ती फोटो आणि सिनेमे ठेवायला वापरता येते.

त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात किंवा घरात कोणी डिफ्रॅग करू या म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा. डिस्क हार्ड डिस्क आहे की एसएसडी? तिची प्रकृती ठीक आहे का? आणि बॅकअप घेतलाय का? डिस्क हार्ड डिस्क असेल, ठणठणीत असेल, बॅकअप हाताशी असेल आणि अ‍ॅनलाइझचा आकडा मोठा असेल, तर खुशाल करा. यातलं एकही उत्तर वेगळं आलं तर पैसे आणि वेळ दुसऱ्या दुरुस्तीसाठी ठेवा.